नूर बेकरीची ऑर्डर

सांगते, सगळं सांगते. पण एका अटीवर. चहाचा घोट तोंडात असताना ऐकायचं नाही! मागे भिशीत सांगितलं तेव्हा एकीला ठसका लागला आणि माझ्या नव्याकोऱ्या साडीवर चहाचा सडा पडला.

तर मी एवढी हुशार, एवढी हुशार, की ज्या ऑर्डरची सहा महिने डोळ्यांत तेल घालून वाट बघत होते, ती आली आणि मी तिला ओळखलंच नाही!

आमचा धंदा शेंगा चटणीचा. सोलापुरात आम्ही शेंगदाण्याला शेंगाच म्हणतो, हे बाहेरच्यांसाठी सांगून ठेवते. दाणे भाजायचे, सालं काढायची, लसूण, तिखट, जिरं, मीठ घालायचं आणि उखळात तेल सुटेपर्यंत कुटायचं. मिक्सरला हात लावायचा नाही. कुटायला माझ्या जोडीला समोरच्या पद्माक्का. त्यांचं घर तेलुगू विणकरांचं. त्यांच्या हातात मुसळ आलं की आमच्या भिंतीवरचं घड्याळ हलतं.

मुलगी पुण्याला नोकरीला. तिनंच मला फोनवर दुकानाचं पान काढून दिलं. नाव ठेवलं ‘उखळ’. म्हटलं, आता आपलं उखळ पांढरं व्हायला कितीसा वेळ!

लेक म्हणाली, “आई, एकदम उडी मारू नको. रोज थोडं, पण रोज. खंड पडला की लोक विसरतात.”

मी कॅलेंडर घेतलं. ज्या दिवशी पार्सल जाईल त्या दिवसावर लाल टिकली. पहिल्या आठवड्यात दोन टिकल्या, त्यातली एक माझ्या सख्ख्या भावाची! पण मग हळूहळू जम बसला की हो! आज अकलूज, उद्या पुणे, परवा ठाणे. फोन ‘टिंग’ वाजला की मी हातातली पोळी तव्यावर सोडून धावायची. घरात सगळ्यांनी काळ्या पोळ्या खाल्ल्या, पण टिकली चुकली नाही. सलग चाळीस दिवस!

आता मला जागा हवी होती. पुढच्या खोलीत आमच्या ह्यांची जुनी स्कूटर उभी. अठरा वर्षं चालू झालेली नाही, पण रोज पुसतात! मी म्हटलं, “अहो, ती काढा. तिथं माझं पॅकिंगचं टेबल येऊ दे.”

ह्यांनी चष्म्यावरून बघितलं. “एका दमात शंभर पाकिटांची ऑर्डर आण. त्या दिवशी स्कूटर भंगारात.”

शंभर! झालं, माझ्या डोक्यात तो आकडा बसला. कुणी शिंकलं तरी मला शंभर ऐकू यायचं.

आणि इथंच मी एक शहाणपणा केला. माझं आजोळ अक्कलकोटकडचं. लहानपणी सुट्टीत तिकडं कन्नड कानावर पडायचं. त्यातलं मला आता काय येतं? ‘बर्री, कूड्री, ऊटा आतेनरी?’ म्हणजे या, बसा, जेवण झालं का? संपलं! एवढ्या भांडवलावर मी दुकानाच्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं: ‘येथे मराठी, हिंदी व कन्नड समजेल.’

हे म्हणाले, “तुला कन्नड समजतं?”

“माझ्या रक्तात आहे!”

हे पुन्हा स्कूटर पुसायला गेले.

आणि सहा महिन्यांनी एका मंगळवारी सकाळी आला तो निरोप! पुरुषाचा आवाज, मागे माणसांचा गलका, भांड्यांचा खणखणाट, आणि तो माणूस घाईघाईत म्हणतोय: “अक्कारं, शेंगा चटणी पाकीट नूर बेक्री. दुधनी. शुक्रवार कळस्री.” खाली दुधनीचा पत्ता टाकलेला.

मी तीनदा ऐकलं आणि उडालेच! चटणीचं पाकीट, नूर बेकरी, दुधनी! बेकरी! म्हणजे दुकानदार! आजवर घरगुती गिऱ्हाईक, आणि आता साक्षात बेकरी! एक पाकीट मागतायत म्हणजे नमुना हवा असणार. नमुना पसंत पडला की शंभर कुठं जातात? मालकांचं आडनाव कळस्री, म्हणजे कळसरी असणार. शुक्रवारपर्यंत हवंय. बघा, सगळं समजलं की नाही? रक्तात असावं लागतं!

ह्यांनी शंका काढली. “कळसरी असं आडनाव ऐकलं नाही कधी.”

“तुम्ही दुधनीला गेलाय कधी?”

“नाही.”

“मग!”

मी पाकिटाला लाल फीत बांधली. सोबत चिठ्ठी लिहिली, सुवाच्य अक्षरात: ‘माननीय कळसरीसाहेब, नूर बेकरी, दुधनी. नमुना पाठवत आहे. आपल्या बेकरीतल्या खारीसोबत आमची चटणी फारच छान लागेल. पावाच्या आतून लावल्यास तर विचारूच नका. मोठ्या ऑर्डरच्या प्रतीक्षेत.’ आणि टिकली लावली. सलग दोनशे एकविसावी!

बुधवारी दुपारी आम्ही दोघी कुटत बसलो होतो. फोन वाजला. दुधनी! हाताला तिखट, म्हणून मी कोपरानं स्पीकर लावला.

“अक्कारं! ओंद बंदैत्री! ओंद!”

बंद? अरेरे! बिचाऱ्यांची बेकरी बंद पडली की काय?

“काळजी करू नका कळसरीसाहेब,” मी धीर दिला. “आज बंद असली तरी उद्या उघडेल!”

मग तो माणूस ओरडला, “इन्ना तोंबत्तोंबत्तु एल्ली री?”

“साहेब, रेंज जातेय. तोंब तोंब एवढंच ऐकू येतंय!” म्हणून मी फोन ठेवला.

बघते तर पद्माक्कांचं मुसळ वरच्या वर थांबलेलं.

“वैनी, तुमी काय पाठवलं त्यास्नी?”

“एक पाकीट. नमुना.”

“नमुना? अवो, त्येनी शंभर मागितल्यात की! नूर म्हंजे शंभर! आमच्या तेलुगूत बी नूरूच म्हनतेत.”

“आणि बेकरी?”

“बेक्री म्हंजे पायजेत.”

“आणि ते कळसरीसाहेब?” मी विचारलं.

“कळस्री म्हंजे पाठवा!” पद्माक्का म्हणाल्या. “आता ते म्हनत होते, एकच आलंय, ऱ्हायलेली नव्व्यान्नव कुटं हायेत?”

मी उखळाशेजारी फतकल मारून बसले. शंभर! माझं शंभर! सहा महिने ज्याचा जप केला ते शंभर माझ्या दारात आलं, आणि मी त्याला बेकरीत बसवून परत पाठवलं!

पद्माक्कांनी हात धुतले, फोन घेतला आणि बाजारात ऐकून शिकलेल्या मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये बोलल्या. शुक्रवारी त्या माणसाच्या मुलीचं लग्न. पाहुण्यांना निघताना पिशवीतून शेंगा चटणी द्यायची. शंभर घरांत माझ्या ‘उखळ’चं पाकीट जाणार होतं. नाही पोचलं तर त्या शंभर घरांत काय जाणार होतं ते सांगायला नको.

हातात होता दीड दिवस. मला अक्षरशः रडू येत होतं आणि आनंदानं नाचावंसंही वाटत होतं. “अहो!” मी हाक मारली. “स्कूटर सोडा आणि दाणे सोलायला बसा!”

ह्यांनी मांडीत परात घेतली आणि बसले. मी भाजायचे, हे सोलायचे, पद्माक्का कुटायच्या. घड्याळ भिंतीवरून खाली आलं, तिकडं कुणी बघितलं नाही. गुरुवारी संध्याकाळी शंभरावं पाकीट बंद केलं तेव्हा आम्हा तिघांच्या भुवयांवर तिखट बसलेलं होतं. नमुन्याचं एक गेलं होतंच, तरी मी पूर्ण शंभर भरली. चुकीची भरपाई नको?

शुक्रवारी सकाळच्या गाडीनं मी आणि हे दोन पोती घेऊन दुधनीला उतरलो. मांडवाच्या दारात पांढरं धोतर, डोक्याला फेटा, वधूपिता उभे. आता मान ठेवायचा म्हणून मी हात जोडून माझं सगळं कन्नड एका दमात म्हणून टाकलं, “बर्री, कूड्री, ऊटा आतेनरी?”

त्यांच्याच मुलीच्या लग्नात, त्यांच्याच मांडवात मी त्यांना सांगतेय, या, बसा, जेवलात का!

ते हसले. आणि स्वच्छ मराठीत म्हणाले, “ताई, तुमीच बसा की. लई दमला असाल.”

“तुम्हाला मराठी येतं?”

“येतंय की! शाळा मराठीतच झाली आमची. पन तुमी लिवलंय, येथे कन्नड समजेल. म्हनलं, बाईंनी एवढं हौसेनं लिवलंय, तर आपन कन्नडमधीच बोलावं.”

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

“आनि तुमची चिठ्ठी मिळाली बरं का. आमचं हाय धान्याच्या आडतीचं दुकान. पन कालपासनं सगळे पाव्हणे मला कळसरीसाहेबच म्हनायलेत. नवरदेव बी!”

तेवढ्यात मांडवातून कुणीतरी ओरडलं, “कळसरीसाहेब, खारी कुटं ठिवली?” आणि अख्खा मांडव हसला. मीही हसले, काय करणार? पण त्यांनी आम्हाला पंगतीला पहिल्या रांगेत बसवलं आणि शंभरच्या शंभर पाकिटं पाहुण्यांच्या हाती गेली.

आणि मग काय विचारता! पुढच्या आठवड्यात फोन नुसता टिंग टिंग टिंग! दुधनी, अक्कलकोट, पार तिकडं कर्नाटकातून! कॅलेंडरवर टिकली लावायला जागा उरेना. ह्यांनी शब्द पाळला. स्कूटर गेली, जाताना हे रस्त्याच्या वळणापर्यंत सोबत चालत गेले. टेबल आलं, दारावर ‘उखळ’ची पाटी आली.

पानावरचा ‘कन्नड’ हा शब्द मात्र मी काढून टाकला. आणि पद्माक्कांकडून आकडे पाठ केले. ओंदु म्हणजे एक, हत्तु म्हणजे दहा, नूरु म्हणजे शंभर. आता फसायचं नाही!

मागच्या महिन्यात पुन्हा निरोप आला. पुरुषाचा आवाज, मागे पत्र्यांचा खडखडाट, घाई. “शेंगा चटणी पाकीट, नूर बेकरी, माढा, शनिवार.”

मी टेबलावर थाप मारली. “पद्माक्का, शंभर!”

“वैनी, एकदा फोन करून इचारा की.”

“आता मला शिकवू नका. नूर म्हणजे शंभर, बेक्री म्हणजे पाहिजेत. तुम्हीच सांगितलंत!”

दोन दिवस कुटलं. शंभर पाकिटं, चार खोकी, माढ्याला रवाना. त्या दिवशी मी दोन टिकल्या लावल्या.

शनिवारी फोन आला. “मॅडम, नूर बेकरीतनं बोलतोय. चवीला एक पाकीट मागवलं व्हतं. हितं चार खोकी आल्यात. मी आता खारी कुटं मांडू?”

“पण... नूर म्हणजे...?”

“नूर म्हंजे काय? आमच्या अम्मीचं नाव हाय!”

मी फोन खाली ठेवला. स्कूटरच्या रिकाम्या जागेत खुर्ची टाकून हे पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला.

“पानावरचं ‘कन्नड समजेल’ काढलंस ना?”

“काढलं.”

“मग आता ‘मराठी समजेल’ तेपण काढ.”