आचारसंहितेच्या आत सुकवलेलं छत

पडदा वर जातो आणि समोर औशाचा जुना मुसाफिरखाना दिसतो. निजामाच्या अमदानीतली दगडी इमारत, पुढं तीन कमानी, आत विटांचं घुमटाकार छत. तरुणपणी आमची नाटक कंपनी इथं उतरायची. यातल्याच एका कमानीखाली मी कित्येकदा मिशा चिकटवल्या आहेत. पुढं इथं धान्याचं गोदाम झालं, मग कबुतरांचा मुक्काम पडला, आणि पन्नास वर्षांनी अचानक सगळ्यांच्या लक्षात आलं, की हा आपला वारसा आहे आणि यात बाळंतपणाचा दवाखाना होऊ शकतो. कल्पना खरोखर चांगली होती. त्यामुळं ती आपलीच म्हणणारे चार पुढारी निघाले.

आता प्रवेश मडिवाळप्पाचा. सत्तरीकडं झुकलेला, कपाळावर भस्म, गळ्यात लिंग. चुन्याचं काम जाणणारा आमच्या भागात उरलेला एकटा गवंडी. मूळचा देगलूरकडचा, म्हणून नाही म्हणायचं झालं की 'इल्ला' म्हणायचा आणि पुढं वाद घालायचा नाही. त्याचा चुना महिनाभर भिजायचा, मग गूळ आणि बेलफळाचा गर घालून घाण्यात मळला जायचा. छताला गिलावा झाला, की दारं-खिडक्यांना ओली पोती बांधून, रोज पाणी शिंपडून, आणखी महिनाभर राखायचा. घाईनं वाळला तर तो विटेला धरत नाही. दवाखान्यात गूळ वापरल्यानं मुंग्या येतील, असा लेखी आक्षेप एका साहेबांनी घेतला होता. मडिवाळप्पानं चुन्याची पाटी पुढं करून चाखून बघा म्हटलं. साहेबांनी चाखलं नाही. शेरा मात्र मारला.

त्याची लेक रुद्राणी पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. लातूरची धावपळ नको, लेक आपल्याच छताखाली बाळंत होईल, हे त्यानं अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. बायको पार्वतीबाईला तर शब्दच दिला होता.

ठेकेदार वीरेश लातूरचा. आचारसंहिता लागायच्या आत उद्घाटन झालं पाहिजे, असा त्याला वरून निरोप आला. हातात सहा दिवस होते आणि गिलाव्याला चारच झाले होते. मडिवाळप्पा म्हणाला, इल्ला. चार दिवसांनी तो लेकीला आणायला देगलूरला गेला आणि दोन दिवस तिकडंच राहिला. तेवढ्यात वीरेशनं पोती काढली, मंगल कार्यालयातले मोठे पंखे आणि हॅलोजनचे दिवे आणून छताकडं रोखले. लग्नात वऱ्हाड सुकतं, तसं छत सुकलं. भेगांचं जाळं पडलं, तेव्हा त्यानं खाली गुलाबी झालर ताणली.

मडिवाळप्पा लेकीला घेऊन उतरला तो उद्घाटनाच्याच दिवशी. पाहुणे आले होते, फीत कापून झाली होती, फक्त फोटोला पेशंट नव्हता. वीरेश धावत आला.

"मामा, ताईला पाच मिनिटं खाटेवर निजवा. रजिस्टरात पयलं नाव तिचंच. बाळंतपणाला डॉक्टर दारात उभा करतो."

मडिवाळप्पानं झालरीकडं पाहिलं, उघड्या खिडक्यांकडं पाहिलं. पार्वतीबाई म्हणाली, निजू द्या की, तुम्हीच तर म्हणत होता. मांडववाल्याचा बांबू उचलून त्यानं झालर बाजूला सारली आणि छताला हलकेच टोचलं. परातीएवढा पापुद्रा सुटला आणि नव्या पांढऱ्या चादरीवर, उशीच्या जागी पडला.

मी आयुष्यभर रंगमंचावर मेलो, पण प्रेक्षागृहात इतकी शांतता मला कधी मिळाली नाही. पाहुण्यांनी कोनशिलेपाशी फोटो काढला आणि गाड्या निघाल्या. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत रुग्णसेवा सुरू झाली होती. दाराला कुलूप होतं.

आचारसंहिता लागली आणि ती वास्तू पहिल्यांदा शहाण्या माणसाच्या हाती आली. मडिवाळप्पानं सगळा गिलावा खरवडला आणि पुन्हा लावला. ओली पोती परत बांधली. घाई करायला कुणी नव्हतं. मात्र रुद्राणीच्या कळा थांबणार नव्हत्या. भर दुपारी तिला जीपमध्ये घालून लातूरला न्यावं लागलं आणि तिथल्या दवाखान्याच्या फाटकातच मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. पार्वतीबाई आठ दिवस नवऱ्याशी बोलली नाही. वीरेश मात्र सगळीकडं सांगत फिरला, की म्हाताऱ्यानं दवाखाना बांधला आणि लेक फाटकात बाळंत केली.

मी पेढा खायला गेलो, तेव्हा मडिवाळप्पा परांचीवर बसून खिडकीचं पोतं भिजवत होता. मी विचारलं, त्या दिवशी गप्प बसला असतास तर छत लगेच थोडंच पडणार होतं? लेकीचे हाल तरी वाचले असते.

तो पोतं पिळत राहिला. मग म्हणाला, "अण्णा, लेक आत कळा देत राहिली असती, आन् मी भाईर बसून छताचाच आवाज ऐकत राहिलो असतो."