मुकुटाखालची चुंबळ

मुकुटालाही आतली बाजू असते, हे मला आईनं दाखवलं.

परदेशातल्या एका राजवाड्यात राजाचे दागिने बघायला आम्ही रांगेत उभे होतो. सहलीचे सहा दिवस आई गप्पच होती. हॉटेलात, सरकत्या जिन्यावर, सगळीकडे ती पदर आवळून उभी राहायची, न बोलावता कुणाच्या घरी आल्यासारखी. उगाच आणलं हिला, असं मला रोज वाटायचं.

काचेच्या पेटीतला मुकुट लखलखत होता. लोक हिऱ्यांकडे बघत होते आणि मी आईकडे. आता ही आणखी आक्रसणार, अशी धास्ती होती. पण ती चक्क खाली वाकली. मुकुटाखाली आरसा ठेवला होता. त्यात आतली झिजलेली, मखमलीची गोल गादी दिसत होती.

"अरे, ही तर चुंबळ!" आई मोठ्यांदा म्हणाली.

कापडाच्या अशाच चुंबळीवर तिनं वीस वर्षं भाजीची पाटी वाहिली आहे.

"आणि केवढी पातळ केलीय बघ. मान अवघडत असेल बिचाऱ्याची."

मला हसू फुटलं. हिरे असतात ते बघणाऱ्यांसाठी. डोक्यावर घेणाऱ्याला ते नुसतं वजन. ते ओळखणारं त्या दालनात आईशिवाय कुणीच नव्हतं.

बाहेर पडताना तिनं एकदा वळून पाहिलं. तिचा हात नकळत स्वतःच्या टाळूवर गेला, जिथले केस पाटीनं कधीच विरळ केलेत.

"उतरवून ठेवलाय ना आता," ती म्हणाली, "बरं झालं."