ड्रायव्हरचे साडेतीनशे

गेल्या सोमवारी दिल्लीच्या करोल बागेतल्या माझ्या नेहमीच्या विमा एजंटांनी माझ्या अकरा वर्षं जुन्या सीएनजी टेम्पोचा हप्ता अठ्ठावीस हजार सहाशे सांगितला. समोर मी एकटाच होतो; ड्रायव्हर बाहेर टेम्पोपाशी. एजंट दर वाक्याआधी "अच्छा" म्हणतात आणि आकड्यावर कधीच घासाघीस करत नाहीत.

"ड्रायव्हरच्या अपघात विम्याचे साडेतीनशे कमी करा," मी म्हणालो. "तो सांभाळून चालवतो."

"अच्छा. मग हे तुम्हीच त्यांना सांगा." त्यांनी लगेच हाक मारली, "भाईसाहब, अंदर आइए!"

ड्रायव्हर हात पुसत आला. "क्या हुआ, साहब?"

"तुम्हारा भी बीमा हो रहा है," मी म्हणालो.

एजंट सगळ्यांच्याच बाबतीत असं करतात का, हे विचारायचं राहूनच गेलं. साडेतीनशेंसकट सगळी रक्कम विमा कंपनीच्या खात्यात भरली.