वडे फुगले तेव्हा मी टाकीवर होतो

गेल्या माघात, एका रविवारी, माझ्या पुतणीच्या लग्नाची सुपारी फोडण्यात आली. कार्यक्रम शहापूर तालुक्यात, खर्डीजवळच्या आमच्या घरी झाला. पंधरा माणसं जेवली. जेवण शिजत असताना मी नवा पांढरा कुर्ता घालून गोबरगॅसच्या टाकीवर बसलो होतो, ही बाब दोन्ही कुटुंबांना मान्य आहे. कारणांबाबत मतभेद आहेत.

मुंबईच्या एका दैनिकात इतरांच्या बातम्या कापण्यात माझी सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतर गावी आलो आणि घरामागे गोबरगॅस बांधला. रचना सोपी आहे. विहिरीसारख्या खड्ड्यात शेणाचा राडा, त्यावर उलटी तरंगणारी लोखंडी टाकी. गॅस भरला की टाकी वर येते, वापरला की खाली बसते. माझ्या थोरल्या भावाचा, म्हणजे दादाचा, याला सुरुवातीपासून विरोध होता. त्याच्या दोन म्हशी आणि बैलजोडी यांचं शेण भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपांची जमीन भाजायला, राखलेलं असतं.

"राबाला शेण पायजे. तुज्या चायला नाय," दादा म्हणाला.

"दादा, राबाला तू शेण जाळतोस. मी गॅस काढून घेतो आणि खत तुला परत देतो. एकाच शेणाचे दोन उपयोग!"

"जेवलेलं ताट परत वाढतोस म्हंजे."

तरीही त्याने शेण दिलं. गोबरगॅस सुरू झाला. त्यावर सकाळचा चहा आणि दुपारचा भात होई. बाकीचा स्वयंपाक चुलीवर. ही खरी परिस्थिती. मुरबाडला मी जे सांगितलं ते वेगळं होतं.

मुरबाडला आम्ही दीपालीसाठी मुलगा पाहायला गेलो होतो. दीपाली दादाची मुलगी. मुलगा चांगला होता, दोघांची पसंती आधीच झालेली होती, त्यामुळे मोठ्या माणसांना बोलायला विषय उरला नव्हता. अशा वेळी मोठी माणसं गावं काढतात. मुलाचे वडील बाळारामशेठ यांचं बाजारात लोखंडी सामानाचं दुकान आहे. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "शहापूर म्हंजे काय हो शेवटी? धरणं तुमच्यात, पानी मुंबईला. डोक्यावरनं मोठ्या मोठ्या तारा जातात नि खाली तुमी बॅटरी घेऊन फिरता!"

"मुरबाडला रेल्वे कधी येणार म्हणालात?" मी विचारलं.

"तुमच्या शहापुराला तरी कुठं हाय स्टेशन? उतरता आसनगावला नि सांगता शहापूर!"

घाव वर्मी बसला होता. इथे थांबायला हवं होतं. माझी बायको सुमन हिने मला कोपराने ढोसलंही. पण मी म्हणालो, "आमच्या घरात लाइट गेली, सिलेंडर संपला, काही फरक पडत नाही. स्वयंपाक सगळा गोबरगॅसवर. जंगलाची एक काटकीसुद्धा आणत नाही!"

सुमनने कोपर काढून घेतलं. (रोज चुलीवर भाकऱ्या थापणाऱ्या बाईला आणखी काय करता येण्यासारखं होतं?)

"सगळा?" बाळारामशेठ पुढे सरकले. "मंग ठरलं. सुपारीचं जेवन त्याच्यावर करून दाखवा. वडेबिडे सगळे. दाखवलंत, तर लगीन तुमच्या दारात. सिलेंडर दिसला, तर लगीन मुरबाडच्या हॉलात."

"मान्य!" मी म्हणालो. माझ्या आधी कोणी काही बोलू नये म्हणून जरा मोठ्यानेच म्हणालो.

परतीच्या वाटेवर दीपाली कसाबसा धीर धरून होती. घरी आल्यावर तिने चपला काढल्या आणि म्हणाली, "काका, तुमी माझं लगीन शेणावर लावलंत!"

तिला लग्न दारात हवं होतं. तिच्या दोन्ही मावसबहिणींची लग्नं हॉलात झाली. पुढची वरात गेटबाहेर उभी, हॉलवाला हातात घड्याळ घेऊन स्टेजखाली आणि नवरी आहेराची पाकिटं काखेत मारून धावते आहे, हे तिने दोनदा पाहिलं होतं. तिला आमच्याकडच्या रीतीप्रमाणे जांभळीच्या टहाळ्यांचा मांडव हवा होता, आपल्या अंगणात, आणि रडायला पुरेसा वेळ हवा होता. "हॉलात नीट रडताबी येत नाय," ती म्हणाली. यावर मी तिला शब्द दिला. त्या वेळी माझ्याकडे देण्यासारखं तेवढंच होतं.

माघात थंडी असते आणि थंडीत गोबरगॅस आळसावतो. मी उपाययोजना हाती घेतल्या. चहा बंद केला. टाकीवर दादाची घोंगडी पांघरली. (टाकीला घोंगडी, दादाला चादर, असं वाटप झालं. दादा शिंकू लागला. टाकी ठीक होती.) शेणात कालवायला गरम पाणी घेतलं. पाणी चुलीवर तापवलं, चुलीला लाकूड लागलं. ऊर्जा बचतीचा हिशेब या टप्प्यावर थांबवण्यात आला.

टाकी हळूहळू वर आली. मी सकाळ-संध्याकाळ तिच्याभोवती फिरून समाधान मानत होतो. सुमन मानत नव्हती. तिने काय केलं ते मला नंतर कळलं, वाचकांना आत्ताच सांगतो. तिने आपल्या भावाला बोलावून घेतलं. माझा हा मेहुणा, गणपत, नळजोडणीची कामं करतो. मी बाजारात गेलो असताना त्याने मागच्या पडवीत गोबरगॅसच्या पाइपाला एक जोड काढला, त्याला कॉक बसवला आणि दुसऱ्या टोकाला सिलेंडर लावला. सिलेंडरवर पेंढ्याचे भारे रचले. कॉक तेवढा भिंतीतून आत, स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यामागे.

"ज्योत बसली का हा कॉक फिरव. भावजींना कळायचं नाय," गणपत म्हणाला.

"त्यांना काहीच कळत नाय," सुमन म्हणाली.

रविवारी बाळारामशेठ आले ते थेट स्वयंपाकघरात गेले. त्यांनी ओट्याखाली पाहिलं, फडताळामागे पाहिलं, पाण्याच्या पिंपावरचं झाकणही उघडून पाहिलं. सिलेंडर नव्हता. "बरं हाय," ते म्हणाले आणि निराश मनाने ओटीवर जाऊन बसले.

भात झाला. वालाचं बिरडं झालं. खीर झाली. शेगडीवर निळी ज्योत होती आणि मी ओटीवर शहापुराचा इतिहास सांगत होतो. मग वडे पडले. तांदळाच्या वड्यांना कढत तेल लागतं. पहिला घाणा फुगला. दुसरा जेमतेम फुगला. तिसरा कढईच्या तळाशी जाऊन पडून राहिला.

"अहो, जरा मागं या," सुमनची हाक आली. आवाज गोड होता. लग्नाला बत्तीस वर्षं झाल्यामुळे मी धावत गेलो.

टाकी बरीच खाली बसली होती. गॅस होता, पण त्याला जोर नव्हता. मी दोन्ही हातांनी टाकी दाबली.

"वाढला!" खिडकीतून सुमन ओरडली.

मी हात काढले.

"गेला!"

मी पुन्हा दाबली. वडे पुष्कळ होते, माझे हात दोनच. शेवटी मी विहिरीच्या काठावर पाय ठेवला, मधला दांडा धरला आणि टाकीवर बसलो. टाकी एका अंगाला कलली. डावा पाय घोट्यापर्यंत राड्यात गेला. चप्पल गेली, ती अजून मिळालेली नाही. पण आतून फुगलेल्या वड्याचा वास आला आणि दीपाली ओरडली, "काकी, आला! भरपूर आला!"

नेमक्या त्याच क्षणी सुमनने पिठाच्या डब्यामागचा कॉक फिरवला होता. त्यामुळे वडे आपल्यामुळे फुगले असं तिलाही वाटलं आणि मलाही. संसारात असं होतं.

इतक्यात हात धुवायला बाळारामशेठ मागच्या दारी आले.

"पावणे, तिथं काय करता?"

"दाब देतोय," मी म्हणालो.

"कसला?"

"गॅसला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पाइपाकडे. लोखंडी सामानाचा धंदा करणारा माणूस पाइप जिथून जिथे जातो तिथे नजरेने जातोच. पाइप पडवीत गेला, तिथे त्याला नवा कोरा जोड फुटला आणि त्याची रबरी नळी पेंढ्यात शिरली. बाळारामशेठनी एक भारा बाजूला केला. दुसरा केला. लाल सिलेंडर दिसला.

"अरे वा!" ते म्हणाले. "शहापूरच्या म्हशी सिलेंडर देतात काय?"

सगळी माणसं जमा झाली. दादा चादरीसकट आला. गणपत पेंढ्याकडे पाहू लागला. दीपाली झारा हातात घेऊन दारात उभी राहिली. हॉलवाल्याचं घड्याळ तिला तिथूनच दिसत असावं.

"लगीन मुरबाडला," बाळारामशेठ म्हणाले. "बोलून झालंय."

मी मान खाली घालून टाकीवरून उठलो.

"गॅस गेला!" आतून सुमन ओरडली.

मी पुन्हा बसलो.

"आला!"

दीपाली खिडकीत धावली. "काका, उठा!"

मी उठलो.

"गेला! बसा!"

मी बसलो.

"आला! परत उठा!"

हा प्रयोग आवश्यकतेपेक्षा अधिक वेळा करण्यात आला, असं माझं मत आहे. दीपालीचं म्हणणं वेगळं आहे. "सिलेंडर लावलाय ना?" ती बाळारामशेठकडे वळली. "मंग काका उठल्यावर ज्योत का जाते? तुमीच सांगा, बाबा!" (लग्नाआधी तिने त्यांना 'बाबा' म्हटल्याची ही पहिली नोंद.)

बाळारामशेठनी कंबर वाकवली, दोन्ही हात सिलेंडरच्या कड्याला घातले आणि पूर्ण ताकदीने उचलला. सिलेंडर भलताच हलका निघाला आणि ते त्याच्यासकट मागे पेंढ्यात जाऊन बसले. सिलेंडर रिकामा होता. आतमध्ये फुंकर मारण्याइतकाही गॅस नव्हता.

गणपतने कपाळाला हात लावला. "तरी म्हटलं, खर्डीवरनं एका हातानं कसा काय आणला मी सिलेंडर! ताई, भरलेला दुसरा होता गो!"

"नि मला वाटलं, तुझ्या अंगात जोर आलाय!" सुमन म्हणाली.

बाळारामशेठ पेंढ्यातून उठले. त्यांनी अंग झटकलं, माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "सरका."

ते माझ्यापेक्षा चांगले भारी आहेत. ते टाकीवर बसले आणि खिडकीतून सुमन आणि दीपालीचा एकदम आवाज आला, "उठा! उठा! वडे करपले!"

ते उठले नाहीत. थोडा वेळ तिथेच बसून राहिले, दांडा धरून, शेतावरच्या बांधावर बसावं तसे. मग म्हणाले, "सिलेंडर दिसला तर लगीन मुरबाडला, असं मी बोललो होतो. पण रिकामा सिलेंडर म्हंजे पिंप झालं. पिंप तर तुमच्या घरात आधीच होतं." त्यांनी दीपालीकडे पाहिलं. "जांभळी कुठं हाय तुमची? टहाळे किती लागतील?"

दीपाली तिथेच, झारा हातात घेऊन, पुरेसा वेळ रडली. दादाने विजयाच्या भरात आपली घोंगडी ताब्यात घेतली. उरलेले वडे काढून होईपर्यंत टाकीवर मी, बाळारामशेठ आणि गणपत आळीपाळीने बसलो. मुरबाडच्या पाहुण्यांनी वड्यांना नावं ठेवली नाहीत. दोघांनी बांधून नेले.

लग्न चैत्रात आमच्या अंगणात लागलं. मांडव जांभळीचा होता. मुरबाडहून आलेल्या वऱ्हाडाला बाळारामशेठ जेवणाआधी घरामागे नेत होते आणि टाकी दाखवत होते. दिवस मावळेपर्यंत त्यांच्या सांगण्यात ती कल्पना त्यांचीच झाली होती.

पावसाळ्यानंतर त्यांनी मुरबाडला स्वतःचा गोबरगॅस बांधला. नवा खड्डा चालू करायला, दुधाला विरजण लावतात तसा, चालू गोबरगॅसमधला राडा घालावा लागतो. तो शहापुराहूनच आला पाहिजे, असा त्यांचा निरोप होता. मी चार डबे भरून, झाकणं लावून, माझ्या गाडीच्या डिकीत ठेवले आणि निघालो. किन्हवलीच्या पुढे एका वळणावर ब्रेक मारावा लागला. मुरबाडला तीन डबे पोहोचले. त्यांचा गोबरगॅस व्यवस्थित चालू आहे. गाडी मी दिवाळीत विकायला काढली. आतापर्यंत सहा गिऱ्हाइकं येऊन गेली. पाच जणांनी दार उघडून लगेच लावलं. सहाव्याने किंमत विचारली. त्याला सर्दी होती.