सोवळ्यातली सही

आमच्या घराण्यात बी.ए. झालेला पहिला माणूस मी, आणि कोर्टात साक्षीला उभा राहिलेलाही पहिला मीच. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, तो सांगतो.

तालुक्याच्या गावी मॅट्रिक झालो, पुढे वार लावून जेवत कॉलेज केलं आणि मुंबईत एका सरकारी कचेरीत चिकटलो. राहायला जागा मिळाली ती अंधेरीला, मरोळकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका बैठ्या घरात. त्या रस्त्याला तेव्हा एका बाजूला घरं आणि दुसऱ्या बाजूला भातखाचरं होती. घराच्या मागच्या अंगाला चार खोल्या भाड्याने दिलेल्या, त्यांतली एक माझी. जेवण मात्र मालकांच्या स्वयंपाकघरात, पाटावर बसून. ही सवलत चौघा भाडेकरूंत मला एकट्यालाच होती, कारण मी एकटा होतो आणि, आत्या म्हणे त्याप्रमाणे, 'दिसायला उपाशी' होतो.

घरमालक एका मोठ्या कंपनीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. सगळे त्यांना काका म्हणत. आत्या ही त्यांची धाकटी बहीण. लग्नानंतर दोनच वर्षांत नवरा गेला आणि ती भावाकडे परत आली. पुढे काकांची बायकोही गेली, तेव्हा त्यांचा एकुलता एक मुलगा आत्यानेच वाढवला. तो आता दादरला बायकोमुलांसह राहत होता आणि चांगल्या नोकरीवर होता.

मुलगा वाईट नव्हता. त्याचं म्हणणं एवढंच की, वडिलांच्या मागे अंधेरीचं घर विकून दादरला मोठा ब्लॉक घ्यावा आणि आत्याला तिथं घेऊन जावं. हे तो तिच्यासमोरच बोलत असे, आणि तिला आनंद होत असेल अशी त्याची समजूत होती.

एकदा तो बोलून गेल्यावर आत्या भाकरी थापता थापता मला म्हणाली, "तिकडे गेले की सकाळचा चहा मला कुणीतरी आणून देणार."

"मग चांगलंच की, आत्या."

"चांगलं कसलं? कधी देतील त्याची वाट बघत बसायचं. इथं मला वाटलं की मी आधण ठेवते."

काकांनी हे आतल्या खोलीतून ऐकलं असावं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मृत्युपत्र करायचं जाहीर केलं. मजकूर सोपा होता. घर मुलाचं, पण आत्या जिवंत आहे तोवर कुणी ते विकायचं नाही. तिनं त्यात राहायचं आणि मागच्या खोल्यांचं भाडं तिनंच घ्यायचं. कायद्याने बहिणीला भावाच्या घरात काहीच मिळत नव्हतं. हा कागद झाला नाही तर आत्याने कुठे राहायचं हे दुसऱ्याच कुणीतरी ठरवलं असतं.

काकांनी वकिलाकडून मसुदा करून आणला, पण सह्यांचा बेत स्वतःच आखला. पंचांग बघून गुरुपुष्याचा दिवस काढला. वेळ सकाळची, लोकांना कचेरीत जाता येईल अशी. आणि मग बोलावणी सुरू झाली. साक्षीदार दोनच पुरतात हे त्यांना ठाऊक होतं, पण दोघांनाच सांगितलं तर बाकीची आळी रुसली असती. शेवटी समोरचे निवृत्त पोस्टमास्तर, त्यांचा भाऊ, डॉक्टर, चारही भाडेकरू, देवळाचे पुजारी, असे सगळे ओसरीवर जमले. आत्याने शिरा केला होता. मुलाला तेवढं बोलावलं नव्हतं. "तो आला की वाचायला मागेल, आणि वाचला की बोलायला लागेल," असं काकांचं म्हणणं.

मला काकांनी आदल्या दिवशीच बाजूला घेतलं. "नावापुढे बी.ए. लिही हं. कोर्टात वजन पडतं."

त्या दोन अक्षरांसाठी माझ्या वडिलांनी दोन बैल विकले होते. ती कुठे लिहून दाखवावी असा प्रसंग तोवर आला नव्हता. मी रात्री कागदावर दोनदा सराव केला.

मुहूर्ताच्या वेळी काका मुकटा नेसून देवघरात गेले. दसऱ्याला पूजलेलं फाउंटन पेन देवापुढेच ठेवलेलं होतं. इतकं मोठं काम देवाच्या साक्षीने व्हावं, आणि तेही सोवळ्यात, हा त्यांचा हट्ट. आम्ही पाटलोणी घातलेले, पुजारीही रस्त्याने चालत आलेले, तेव्हा आत जाण्याचा प्रश्नच नव्हता. पोस्टमास्तर दाराशी डोकवायला गेले तर आतून आवाज आला, "अहो, शिवाल!" ते मागे सरले. घंटा वाजली, थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही, मग काका कागद दोन्ही हातांत धरून बाहेर आले.

आणि मग त्यांनी तो कागद एकेकाच्या नाकासमोर नेला. "ही बघा माझी सही. आत्ता करून आलो. कुठे हात थरथरलाय? चिरंजीव म्हणतात, बाबांचा हात कापतो. दाखवा मला कुठे कापलाय!" पुजाऱ्यांना चष्म्याशिवाय दिसत नव्हतं, तर त्यांच्यासाठी आतून स्वतःचा चष्मा आणवला. आम्ही सगळ्यांनी सही उत्तम असल्याचं कबूल केल्यावरच त्यांनी आम्हाला सह्या करू दिल्या, आणि प्रत्येकाच्या सहीच्या वेळी शेजारी उभे राहून "सावकाश, सावकाश," म्हणत राहिले. माझं बी.ए. त्यांनी मोठ्याने वाचलं. मग शिरा खाऊन आम्ही आपापल्या कचेऱ्यांना गेलो.

दीडेक वर्षाने काका गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. घोटाळा झाला तो तेराव्याला. दादरची मंडळी, नातेवाईक, सगळे जमलेले. मृत्युपत्राचा विषय निघाला आणि आत्या डोळे पुसत, अभिमानाने सांगू लागली, "साधीसुधी नाही हो केली सही! सोवळ्यात, देवापुढे बसून. एका माणसाला आत येऊ दिलं नाही त्यांनी."

मुलाच्या मेव्हण्याने वकिली नुकतीच सुरू केली होती. तो जिलबी खायचा थांबला.

"एकालाही नाही?"

"एकालाही नाही!" आत्या म्हणाली. "पोस्टमास्तर डोकावत होते, त्यांना हाकललं."

आठवड्याभरात दादरहून वकिलाचं पत्र आलं. साक्षीदारांनी सही होताना पाहिलेली नाही, सबब मृत्युपत्र खोटं, आणि ते म्हाताऱ्या माणसाकडून घरातल्याच कुणीतरी लिहवून घेतलेलं असावं. 'घरातल्याच कुणीतरी' म्हणजे कोण, हे आत्यालाही समजलं. त्या दिवशी आमटीत तिखट दुप्पट पडलं होतं आणि मी पाण्याचे तीन तांबे प्यायलो.

काकांनी मृत्युपत्राचा कारभार पोस्टमास्तरांवर सोपवला होता. त्यांनी ओसरीवर बैठक बोलावली.

"यात अवघड काय आहे?" ते म्हणाले. "आम्ही सगळ्यांनी सही होताना पाहिली. संपलं."

"पण आपण पाहिली नाही," मी म्हणालो.

"अरे, मी दारात होतो ना! पाठ दिसत होती. पाठ हलली म्हणजे सहीच चाललेली."

"गंध उगाळत असतील," डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही कुणाच्या बाजूचे हो?"

आत्या दाराआडून ऐकत होती, ती बाहेर आली. "देवापुढचं काम आहे. त्यात कुणी खोटं घालायचं नाही. राहिलं घर तर राहिलं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू शिकलेला आहेस. जे झालं ते नीट सांग, म्हणजे झालं."

ते वाक्य घेऊन मी आठवडाभर फिरलो. नीट सांगायचं म्हणजे काय सांगायचं? काका आत गेले, सही झाली, आम्ही पाहिली नाही. खरं सांगितलं की आत्याचं घर जाणार. सकाळी तिने वाढलेली भाकरी मी अर्धी पानातच ठेवून उठे. कचेरीत साहेबांनी विचारलं, प्रकृती बरी आहे ना.

आमचे वकील फोर्टात बसत. फार बारीक आवाजाचे गृहस्थ होते. त्यांनी कागद उलटा करून मागच्या सह्या पाहिल्या.

"हे मृत्युपत्र आहे की लग्नाची पत्रिका? बरं, सांगा. सही होताना पाहिलीत?"

"नाही."

पोस्टमास्तरांनी कपाळाला हात लावला.

"मग सही झालेली कळली कशी?"

मी जे घडलं ते सांगितलं. मुकटा, घंटा, नाकासमोर धरलेला कागद, थरथरणारा हात, पुजाऱ्यांचा चष्मा. सांगताना मला लाज वाटत होती. हे काही कोर्टात सांगण्यासारखं नव्हतं.

वकील खुर्चीत मागे रेलले. "पुन्हा सांगा. कागद हातात घेऊन काय म्हणाले?"

"'ही बघा माझी सही. आत्ता करून आलो.'"

"प्रत्येकाला म्हणाले?"

"प्रत्येकाला. आणि हात कापलाय का ते दाखवा म्हणाले."

"पोस्टमास्तर, कपाळावरचा हात काढा," वकील म्हणाले. "साक्षीदाराने सही होताना पाहावी, किंवा सही करणाऱ्याने स्वतः त्याला सांगावं की ही सही माझी. दोन्हींतलं एक पुरतं. यांनी तर सगळ्या आळीला सांगितलंय!"

परतताना पोस्टमास्तरांनी मला अंधेरी स्टेशनवर उसाचा रस पाजला. "तरी पाठ हलली होती," असं मात्र ते शेवटपर्यंत म्हणत राहिले.

कोर्टात माझी साक्ष झाली त्या दिवशी आत्या आली होती. अंधेरीच्या पलीकडे ती फारशी कधी गेलीच नव्हती. पांढरं लुगडं आणि मांडीवर पिशवी, पिशवीत आम्हा सगळ्यांसाठी दशम्या. समोरच्या बाकावर मुलगा बसला होता. दोघांनी एकमेकांकडे पाहायचं टाळलं.

मी झालं तसं सांगितलं. काकांचे शब्द दुभाष्याने इंग्रजीत केले. हात थरथरण्याच्या जागी जज्जसाहेबांनी मान वर करून मला ते पुन्हा सांगायला लावलं. मग मुलाचे वकील उठले.

"तुम्ही या बाईंचे भाडेकरू?"

"हो."

"जेवताही त्यांच्याकडेच?"

"हो."

"जेवण चांगलं असतं?" त्यांना मला मिंधा ठरवायचं होतं.

मी शपथेवर होतो. "चांगलं असतं," मी म्हणालो. "मीठ जरा कमी असतं."

जज्जसाहेब हसले, दुभाष्या हसला. मागून आत्याचा आवाज आला, "चार वर्षांत बोलला नाहीस रे!" शिपायाने तिला गप्प केलं.

वकिलांनी पुढे फार विचारलं नाही. मी खाली उतरलो तेव्हा मुलाकडे माझं लक्ष गेलं. तो हसत होता आणि डोळे पुसत होता. दुपारच्या सुट्टीत बाहेरच्या व्हरांड्यात तो आमच्याजवळ आला. मेव्हणा मागून "अरे, थांब," म्हणत होता.

"आत्या," तो म्हणाला, "त्या सहीच्या आधीच्या दिवाळीत मीच म्हणालो होतो बाबांना, तुमचा हात कापतो म्हणून."

"माहीत आहे. दोन महिने बोलत होते तेच."

"मला वाटलं, तू त्यांच्याकडून लिहवून घेतलंस."

"मी?" आत्या म्हणाली. "त्यांच्याकडून कधी कुणाला साधं वाण्याचं सामान तरी लिहवून घेता आलं का रे?"

तो हसला. मग म्हणाला, "माझ्याकडे तुला काय कमी पडलं असतं?"

आत्याने पिशवीतून दशमी काढून आधी त्याच्या हातावर ठेवली. "काही कमी पडलं नसतं," ती म्हणाली. "पण ते तू दिलेलं असतं."

त्याने दशमी खाल्ली. मेव्हण्याने नको म्हटलं, मग त्यानेही खाल्ली. पुढच्या तारखेला मुलाने हरकत मागे घेतली आणि काही महिन्यांनी प्रोबेटचा, म्हणजे मृत्युपत्र कोर्टाने खरं मानल्याचा, शिक्का असलेला कागद अंधेरीला आला.

पोस्टमास्तरांनी आग्रह करून आत्याचं अंथरूण रस्त्याकडच्या पुढच्या खोलीत हलवलं. इतकी वर्षं ती स्वयंपाकघराशेजारच्या बोळात झोपत असे. खाट मीच उचलून ठेवली. चार दिवसांत तिने खाट परत न्यायला लावली. म्हणाली, "तिथं मोटारी वाजतात, आणि मांजर आलेलं कळत नाही." मग पुढची खोली रिकामीच राहिली. ती रोज तिथला केर काढी आणि दार लावून घेई.

मे महिन्यात दादरची मंडळी मुलांना घेऊन चार दिवस राहायला आली. पत्र टाकून, विचारून आली. रात्रीची जेवणं झाल्यावर सून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. आत्या सकाळसाठी मटकी निवडत होती, मी पाणी प्यायला आलो होतो.

"आत्या," सून म्हणाली, "आम्ही पुढच्या खोलीत झोपलो तर चालेल ना?"

आत्याने मान वर केली नाही. दोन खडे काढून बाजूला ठेवले. सून उभीच होती. मलाही तिथून हलावंसं वाटेना.

"बघते," आत्या म्हणाली.

तिने उरलेली मटकी निवडली, पाण्यात घातली, वर झाकण ठेवलं, हात पुसले.

"झोपा," ती म्हणाली. "पण सकाळी अंथरुणं काढून ठेवा हं. मला केर काढायचा असतो."