बाटलीत रंग आला नाही

डोशाचं पीठ ढवळत होते. दाराशी वॉचमन आला आणि नुसताच उभा राहिला. ‘काय रे?’ म्हटलं, तर म्हणाला, ‘अक्का, अण्णा दार उघडत नाहीत. स्वल्प लवकर या.’ माझ्या ब्लॉकपासून अण्णाच्या ब्लॉकपर्यंत चालायला चार मिनिटं लागतात, मधे सोसायटीचा स्विमिंग पूल आहे. त्याच्या कडेने मी धावले तेव्हा पाणी अगदी निवळशंख होतं. हे एवढं मला लख्ख आठवतं आणि त्याचा रागच येतो. अण्णा झोपेतच गेला होता. त्रास झाला नसेल, असं डॉक्टर म्हणाले... सगळे डॉक्टर असंच म्हणतात.

अण्णा माझा सख्खा थोरला भाऊ. आमचं घराणं बेंगळुरूत इतक्या पिढ्या आहे की आमची मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे तोंड फिरवून हसतात. अण्णाला त्याचं काहीच वाटायचं नाही. ‘सरी, असू दे, हसू देत की,’ म्हणायचा. एका सरकारी कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्याने जन्मभर बॉयलरचं पाणी तपासलं आणि ते वेड घरी घेऊन आला. कुणाकडे चहा प्यायला तरी पहिल्याच घोटाला सांगणार, ‘बोअरचं पाणी आहे, जड आहे.’ वहिनी डोळे वटारायची, पण हा कसला ऐकतोय! ती गेली आणि अण्णाचं बोलणंच आटलं. मूलबाळ नव्हतं. मीच त्याला ओढून आणलं, इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पलीकडे, आनेकलच्या रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीत. दोन खोल्यांचा फ्लॅट भाड्याने घेऊन दिला. पहिले काही महिने तो खिडकीपाशी नुसता बसून असायचा. ‘जेवलास का?’ विचारलं तर म्हणायचा, ‘जेवलो असेन.’

त्याला खुर्चीतून उठवलं ते त्या पूलने. आमचा पूल मिठाच्या पाण्याचा. मीठ आहे म्हणजे क्लोरीन नाही, अशी निम्म्या सोसायटीची समजूत, आणि ती ऐकली की अण्णा कपाळाला हात लावायचा. अहो, मिठातूनच तर यंत्र क्लोरीन काढतं! त्या यंत्राला तो चूल म्हणायचा. चूल मंदावली तर पाणी शेवाळ धरणार, भडकली तर डोळे जळणार. शिवाय ती चालू असली की पाण्याचा पीएच हळूहळू चढत जातो, म्हणून मधूनमधून मापाने आम्ल घालायचं. रोज सकाळी सहाला अण्णा कोपरापर्यंत हात बुडवून खालचं पाणी छोट्या बाटलीत घ्यायचा, त्यात क्लोरीन तपासायची गोळी टाकायचा आणि गुलाबी रंग तक्त्यावरच्या रंगांशी ताडून बघायचा. लहान मुलं त्याला ‘वॉटर अण्णा’ म्हणायला लागली. तो पुन्हा चहाला नावं ठेवायला लागला, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

दोन वर्षांपूर्वी त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आठवडाभर पाण्याकडे फिरकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. ‘शालू, तेवढे दिवस तू बघ,’ अण्णा म्हणाला. ‘शंका आली तर विचार.’ मी सोसायटीची सेक्रेटरी, शाळेत उभी हयात मुलांना शिकवण्यात गेलेली... मी कशाला कुणाला विचारते! पहिल्या दिवशी रंग फिका आला. मी यंत्र पूर्ण वर चढवलं, शिवाय सफाईवाल्याला क्लोरीनची पावडर टाकायला लावली. दुसऱ्या दिवशी गोळी टाकली तर क्षणभर गुलाबी झाक आली आणि गेली, पाणी कोरंच्या कोरं. म्हणजे क्लोरीन नाहीच! मग आणखी पावडर. तिसऱ्या दिवशी तेच. अण्णाला मात्र सांगितलं, सगळं ठीक आहे. क्लोरीन प्रमाणाबाहेर वाढलं तर ते त्या गोळीचा रंगच खाऊन टाकतं, हे मला ठाऊक नव्हतं. बाटली कोरी दिसत होती ती क्लोरीन नव्हतं म्हणून नव्हे, फार झालं होतं म्हणून.

चौथ्या दिवशी मीराला दवाखान्यात न्यावं लागलं. मीरा म्हणजे आमच्या समोरच्या ऋजुताची सात वर्षांची मुलगी, नुकती पोहायला शिकत होती. डोळे सुजून बंद झालेले, अंगावर लाल चट्टे, खोकला थांबेना. अण्णा डोळ्यावरच्या पट्टीसकट खाली आला. त्याने बाटलीत थोडंसं पूलचं पाणी घेतलं, बाकीचं शुद्ध पाणी घातलं आणि गोळी टाकली. गर्द गुलाबी! त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, वॉचमनला पूल बंद करायला सांगितलं, आणि मला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

मीरा आठवड्याभरात बरी झाली, पण लोक खवळले होते. रविवारी मीटिंग बसली. ‘रिस्पॉन्सिबल कोण?’ कुणीतरी विचारलं. मी एरवी एवढी तोंडाची फटकळ, पार्किंगवरून भल्याभल्यांना सुनावणारी, नेमकी तेव्हा मिठाची गुळणी धरून बसले. अण्णा उभा राहिला. ‘मीच तपासलं होतं. एका डोळ्याने रंग कळला नाही. चूक माझी.’ लोक सभ्यच आहेत हो आमच्याकडचे. ‘वय झालं, अण्णा, आता आराम करा,’ असं म्हणत त्यांनी पंपाच्या खोलीची किल्ली त्याच्याकडून घेतली आणि काम एका एजन्सीला दिलं. त्या ठरावावर सेक्रेटरी म्हणून सही माझी आहे.

परत येताना मी म्हटलं, ‘अण्णा, हे कशाला केलंस?’ ‘तुला ह्या लोकांत राहायचंय,’ तो म्हणाला. मी म्हटलं, ‘मी सांगते सगळ्यांना. उद्याच सांगते.’ ‘सांग,’ म्हणाला. मग उद्या झाला, परवा झाला... आणि मग त्या गोष्टीचं नावच मी काढेनाशी झाले.

एजन्सीचा माणूस आठवड्यातून दोनदा यायचा आणि घाईत उरकायचा. अण्णा मात्र फिरायला जातो म्हणून रोज पूलच्या पायरीवर बसायचा, इकडेतिकडे बघून बाटली भरायचा, खिशात घालून घरी आणायचा. ज्या पाण्याची त्याने लेकरासारखी काळजी घेतली, ते त्याला चोरून घ्यावं लागत होतं. सातला मला फोन करायचा. ‘पीएच स्वल्प चढलाय, आम्ल घालायला सांग.’ मी एजन्सीवाल्याला सांगायची, जणू मीच तपासलंय. पाणी उत्तम राहिलं. गेल्या वार्षिक सभेत पूलची निगा राखल्याबद्दल मला शाल दिली. अण्णा शेवटच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता. आणि मी ती शाल घेतली. हो, घेतली! लाज कशी वाटली नाही, हे मला विचारू नका, मीच रोज विचारते.

तेराव्यानंतर क्लबहाऊसमध्ये शोकसभा झाली. एक गृहस्थ म्हणाले, ‘फार चांगला माणूस. एकदा चूक झाली हातून, पण वयापुढे कुणाचं काय चालतं?’ मग मला बोलायला सांगितलं. मी भाषण लिहून नेलं होतं, तो कागद हातातच राहिला. ‘ती चूक त्याची नव्हती, माझी होती,’ मी म्हणाले आणि सगळं सांगितलं, शालीसकट. खुर्च्या सरकवण्याचे आवाज तेवढे आले.

बाहेर ऋजुता मागून आली. वाटलं, आता ही मला सोडणार नाही, आणि सोडूही नये. पण ती हळूच म्हणाली, ‘काकू, मला माहीत होतं. त्या वीकमध्ये बाल्कनीतून रोज तुम्हीच दिसायचात, बाटली घेऊन. मी अण्णांना डायरेक्ट विचारलं होतं, कमिटीला सांगू का म्हणून. ते म्हणाले, नको, शालू सांगणार आहे.’

‘कधी विचारलंस?’

‘तेव्हाच. आणि परत एकदा, तुम्हाला शाल दिली ना, त्या दिवशी.’

‘मग... तेव्हा काय म्हणाला?’

‘तेच म्हणाले, काकू. ती सांगेल.’

आता घरात बसून मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आठवते आहे. रोज फोनवर क्लोरीन, पीएच, मीठ सांगून झालं की अण्णा लगेच फोन ठेवायचा नाही. जरा वेळ गप्प राहायचा. मला वाटायचं, म्हाताऱ्याला दम लागला असेल. म्हणून ‘बरं, ठेवते’ म्हणत रोज फोन मीच ठेवायची.