फडक्यातले जीव

ओल्या फडक्याचा कुबट वास आला की मावळातली एक वाडी आठवते. इंग्रजी अमदानीत मी आरोग्य खात्यात नवा होतो. डोंगरावरची पावसाळी डबकी आटली की वाडी खालच्या बारमाही तळ्याचे पाणी पिई, आणि त्यातूनच पायातून दोऱ्यासारखा निघणारा नारू होई. माळकरी आबांच्या नातवाला तो झाला होता. मी आबांना भिंगातून पाण्यात उड्या मारणारे सूक्ष्म जीव दाखवले आणि पाणी गाळून पिण्यास बजावले.

आठवड्याने गेलो, तेव्हा आबा तळ्याच्या काठी धोतराच्या फडक्याने पाणी गाळत होते. घागर भरल्यावर त्यांनी ते फडके अलगद उलटे करून तळ्यात धुतले.

“आबा, रोग परत पाण्यात सोडता?”

“जीव हायेत म्हणून तुमीच दावलंत न्हवं, सायेब? उनात तडफडतील की.”

मी फडके हिसकावून तापलेल्या कातळावर पसरले. ते वाळेपर्यंत आबा तिथेच उभे राहिले.

“पिताना दिसत न्हाईत, सायेब. हे डोळ्यादेखत मारणं झालं.”

त्या दिवसापासून त्यांनी गाळणे सोडले. पुढल्या उन्हाळ्यात नातवाच्या दुसऱ्या पायालाही नारू निघाला.

गाळलेले पाणी निर्धोक होते. फडकेभर जीव तळ्यात परतल्याने काहीही बिघडत नव्हते. हे मला तेव्हाही ठाऊक होते.